शिळ्या पाण्याची बादली

मित्रांनो, मी एक जुनी निळी बादली आहे. जरा लांबूनच ऐका. हात साबणाने धुऊन आला असाल तर आणखी दोन पावले मागे सरा.

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला मान्य आहे. पण तो लोकांनीच तसा केला. कारखान्यात साच्यातून गरमागरम बाहेर पडले, तर कामगाराने आधी उजेडात धरून माझ्यात भोक शोधले. दुकानात गिऱ्हाइके मला टिचक्या मारून बघायची. दोन बहिणींनी मला विकत घेतले, तेव्हाही थोरलीने घरी आल्या आल्या पाणी भरून ठेवले आणि मी गळते का, ते बघत बसली. आता सांगा, मी कुणावर विश्वास ठेवायचा?

पुढे बरीच वर्षे मी न्हाणीघरात राबले. "बादली असावी तर अशी," असे थोरली शेजारणींना सांगायची. मग माझी कडी तुटली, नवी चकचकीत बादली आली आणि माझी रवानगी बाल्कनीत झाली. माझ्या पोटात कपड्यांचे चिमटे पडून राहिले. त्या नव्या बादलीचे लक्षण मला पहिल्यापासूनच ठीक दिसले नव्हते.

एके दिवशी धाकटी घमेल्यातून बेडकाची पिल्ले घेऊन आली. शेजारच्या मोकळ्या जागेत इमारतीसाठी भराव टाकत होते आणि तिथल्या डबक्यात ही काळी, शेपटीवाली पिल्ले वळवळत होती. त्यांचे बेडूक होईपर्यंत सांभाळायचे आणि मग तळ्यात सोडायचे, असे तिने ठरवले. थोरलीने नाक मुरडले. हे किडे घरात नकोत, असे तिने स्पष्ट सांगितले. मी तेव्हाच तिच्यावर नजर ठेवायला लागले.

नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घालतात. माणसांना ते चालते, पण या इवल्याशा जिवांना सोसत नाही. म्हणून पाणी भरून एक अख्खा दिवस उघडे ठेवायचे. क्लोरीन उडून गेले, की ते शिळे पाणी थोडे थोडे पिल्लांच्या टबात घालायचे. त्यासाठी धाकटीने मला निवडले, कारण माझ्या अंगाला कितीतरी वर्षांत साबण लागला नव्हता. दुर्लक्षानेही कधी कधी भले होते म्हणायचे!

मी डोळ्यांत तेल घालून पहारा करू लागले. कठड्यावरचा कावळा, वाळत घातलेल्या कपड्यांचे ठिबकणारे पाणी, वरच्या मजल्यावरून झटकलेली सतरंजी, सगळ्यांवर माझा वहीम होता. आणि थोरलीवर तर होताच. धाकटी औषधांच्या दुकानात कामाला गेली, की थोरली शिवणयंत्र थांबवून बाल्कनीत यायची, माझ्यात डोकवायची आणि तांब्याने नळाचे ताजे पाणी माझ्यात ओतायची. माझा जीव नुसता तळमळायचा. संध्याकाळी धाकटी येऊन तेच पाणी शिळे समजून टबात घालायची. पिल्ले मरू लागली. धाकटी मेलेली पिल्ले चमच्याने बाहेर काढायची आणि डोळे पुसायची.

सुट्टीच्या दिवशी तिने थोरलीला पाणी ओतताना पाहिले.

"ताई, तू मारलीस त्यांना. तुला ती नकोच होती."

थोरलीचा तांब्या हातातच राहिला. "अगं, नळाला पाणी आलं, की अर्धी बादली तशीच कशी ठेवायची? तू दमून येतेस. म्हटलं, तुला भरायला नको."

धाकटी टबावर वाकली. टबात थोडीच पिल्ले उरली होती आणि तीही वर येऊन धापा टाकत होती. घरात शिळ्या पाण्याचा थेंब नव्हता. तेवढ्यात थोरलीला गच्चीवरचे पिंप आठवले. कुंड्यांसाठी भरलेले ते पाणी कित्येक दिवस उघडेच होते. मला उचलून दोघी वर धावल्या. पाण्यात डासांच्या अळ्या पाहून थोरली हिरमुसली. मलाही ते पाणी संशयास्पद वाटले.

"अळ्या जगल्यात ना यात," धाकटी म्हणाली, "मग ही पण जगतील."

उन्हाने तापलेले ते पाणी त्यांनी सावलीत निववले आणि हळूहळू टबात बदलले. उरलेली पिल्ले तगली. त्यांना पाय फुटले, शेपट्या आटल्या. तळ्यावर त्यांना सोडायला थोरलीच पुढे होती. त्यानंतर ती मला हात लावण्याआधी धाकटीला हाक मारून विचारायची.

पण गेलेली पिल्ले गेलीच. मित्रांनो, कुणाची काळजी घ्यायची असेल, तर आधी त्याला काय सोसते, ते विचारा. आणि कुणावर आळ घेण्याआधी, असे का केलेस, तेही विचारा. मी सगळे पाहत होते, पण मला बोलता येत नव्हते. त्या दोघींना येत होते.