आत्याचा सर्व्हर

"एकदाच उघड. कोणाला कळणार आहे?"

मोठा भाऊ तिच्या कामाच्या टेबलावर कोपर टेकून बसला होता. ती दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायची; समोर प्लॅस्टरचे अकरा जबडे वाळत होते. भावाने दातात अडकलेलं काहीतरी नखाने काढलं, निरखून पाहिलं आणि पुन्हा तोंडात टाकलं.

"दादा, कोपर काढ. ओलं आहे."

"विषय बदलू नकोस. पोरगी दिवसभर तुझ्या त्या डबड्यावर कोणाला तरी लिहीत असते. बाप आहे मी तिचा."

"सव्वीस वर्षांची आहे ती."

"म्हणूनच तर! मशीन तुझं, मग आतलं तुला दिसत नाही होय?"

"नाही दिसत."

धादांत खोटं.

डबडं म्हणजे फळीवरचा पुस्तकाएवढा कॉम्प्युटर. चार वर्षांपूर्वी तिने एका बड्या ॲपवर बहिणीला आईच्या डायपरबद्दल दोन ओळी लिहिल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून तिथे जाहिराती: डायपर, डायपर, डायपर. आई गेली त्या दिवशी वीस टक्के सूट. तिला ओकारी आली होती, खरोखरची, बेसिनमध्ये. मग ती हे शिकली. जगभर लोक असे छोटे सर्व्हर घरी चालवतात, ते एकमेकांशी बोलतात, मध्ये कंपनी नसते. तिच्या सर्व्हरवर एकतीस माणसं होती: दवाखान्यांतल्या नर्स, काही मैत्रिणी, आणि ही भाची. पहिल्या पानावर तिनेच लिहिलं होतं: इथे तुमचं कोणी वाचत नाही.

कंपनी वाचत नाही. पण खाजगी निरोप डेटाबेसमध्ये उघडेच पडलेले असतात. मालकाने हात घातला की हाताला लागतात. हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सांगायचं राहून गेलं.

राहून गेलं म्हणे!

भाऊ चरफडत गेला. तिने हात धुतले. काळजी म्हणून, ती स्वतःला म्हणाली, पोरीला कोणी छळत नाही ना एवढंच पाहायचं, आणि

*केस फार गळतायत गं.*
*आंघोळ झाली की जाळीवर गोळा.*
*उचलताना किळस येते.*

कुठल्याशा मैत्रिणीला लिहिलेलं. चौथी ओळ येण्याआधी तिने स्क्रीन बंद केली. तोंडात दुसऱ्याने चावलेला घास आल्यासारखं झालं. वीस वर्षं परक्यांच्या तोंडांचे ठसे हाताळताना असं कधी झालं नव्हतं.

*सर्वांसाठी सूचना. तुमचे खाजगी निरोप मला वाचता येतात. मी ते वाचत नाही.*

शेवटचं वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं: *आज एकीचे वाचले.* पाठवून दिलं.

पहिलं उत्तर एका नर्सचं: "अय्या, आम्हाला वाटलं तुम्ही वाचताच! आमचं मेलं काय लपवायचंय?" पुढे हसरे चेहरे, पाच. तिला त्या चेहऱ्यांचीही शिसारी आली.

भाची संध्याकाळी आली. चप्पल न काढता दारातच उभी राहिली.

"माझेच ना?"

"हो. तीन ओळी."

"कुठल्या?"

"केसांच्या."

"बाबांनी सांगितलं म्हणून?"

"त्यांना नाही म्हटलं. मग स्वतःच."

"वा! बाबा निदान विचारतात तरी." भाची आत आली. "मला इथून निघायचंय. जमतं ना?"

"जमतं. दुसऱ्या सर्व्हरवर खातं उघडायचं आणि इथलं तिकडे हलवायचं. तुला फॉलो करणारे सोबत येतात. जुनं लिहिलेलं येत नाही."

"त्याचं काय?"

"मी पुसते. बॅकअपमधूनही."

"ते मला कसं कळणार, आत्या?"

आत्याने खुर्ची पुढे सरकवली, जबडे बाजूला केले आणि कुठे काय दाबायचं ते एकेक सांगत गेली. आत्या सांगेल तेवढंच भाची करत होती, मान वर न करता. नव्या खात्याचा पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा तिची बोटं थांबली.

आत्या उठली. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागून कळांचा आवाज सुरू झाला. किती कळा दाबल्या तेही ऐकू येऊ नये म्हणून तिने हात लांब करून कवळ्यांना पॉलिश करायची मोटर चालू केली.