उंच खुर्ची

अर्धांगवायूच्या झटक्यातून सुतारदादा वाचले, पण उजवा हात आणि उजवा पाय रुसले ते रुसलेच. धाकट्या भावानं दादांचा लाकूडकामाचा कारखाना अंगावर घेतला आणि दादांना उठायला सोपं जावं म्हणून मुद्दाम एक उंच खुर्ची करून आणली. अट मात्र घातली.

"दादा, कारखान्यातल्या बुटक्या स्टुलावरून कुणाचा हात न धरता उठशील, त्या दिवशी तुला कारखान्यात घेऊन जाईन. तिथं यंत्रं चालू असतात. पडलास तर वहिनींना काय तोंड दाखवू?"

दादा पेटले. वहिनींची रोजची माळ झाली, की त्याच माळेवर त्या नवऱ्याचं खुर्चीवरून उठणं-बसणं मोजायच्या. दहाचे वीस झाले, विसाचे पन्नास. मग भावानं ते स्टूल घरी आणलं. दादा बसले ते बसलेच. दोघांनी धरून उठवलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई खुर्ची बघून हसल्या. "फारच मायाळू खुर्ची आहे हो ही. पन्नासदा उठलात, पण पायावर भार कुठं पडला? आठदाच उठा. पण आठव्या वेळी दम लागला पाहिजे. झेपलं की बसायची जागा आणखी खाली."

"मग पाय कापायचे," दादा म्हणाले.

वहिनी दचकून म्हणाल्या, "कुणाचे?"

"खुर्चीचे गं."

भाऊ म्हणाला, यंत्रावर दोन मिनिटांचं काम आहे. दादांनी ऐकलं नाही. करवत उजव्या हातात धरली, वर डावा हात ठेवला. वहिनींनी आडव्या खुर्चीचा पाय दाबून धरला. अर्ध्या इंचाला अख्खी सकाळ गेली.

"असा तिरका काप कुणी घेतला असता तर मी कामावरून काढला असता," दादा पुटपुटले.

"मग काढा स्वतःला," वहिनी हळूच म्हणाल्या, "पण आधी उरलेले तीन पाय कापा."

चार दिवसांत चार पाय झाले. आठवड्याला अर्धा इंच, असं चाललं. पाचव्या आठवड्यात गाडं अडलं. सहाव्या वेळीच पाय लटपटायला लागले. दादा म्हणाले, "तळाला फळ्या ठोकून पुन्हा उंच करू."

"नको," वहिनी म्हणाल्या. "आहे तिथंच थांबू. देवालाही घाई नाही."

पंधरा दिवस तिथंच थांबले. मग पुन्हा करवत निघाली.

खुर्ची स्टुलाइतकी बुटकी झाली, तेव्हा वहिनींनी दिरांना ते स्टूल घेऊन बोलावलं. दादा स्टुलावर बसले, अर्धे उठले आणि धपकन खाली आले. भावाचा हात पुढे झाला. वहिनींनी त्याचं मनगट धरलं.

"थांबा भावजी."

दादांनी पावलं मागे ओढली, छाती पुढे झुकवली आणि दातओठ खात उठले. जरा डुलले, पण उभे राहिले.

भावानं स्टूल उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "उद्या दहाला न्यायला येतो."

"आठला ये," दादा म्हणाले. "कारखाना दहाला उघडायला कधीपासून लागलास?"