अल्लीपूरच्या कापसातला मोजा

मित्रांनो, मी एक जुना विंडसॉक आहे. नाव ऐकून बिचकू नका. धावपट्टीच्या कडेला उंच खांबावर एक लांबट कापडी पिशवी लावलेली असते, दोन्ही तोंडांनी उघडी, एखाद्या राक्षसाच्या पायमोज्यासारखी. वारा तिच्यात शिरला की ती फुगते आणि वारा कुठून कुठे चालला आहे ते वैमानिकाला सांगते. ती पिशवी म्हणजे मी. 'वारा येईल तशी पाठ द्यावी' असं तुम्ही माणसं टोमणा म्हणून म्हणता. माझं तर कामच ते होतं, आणि मी ते इमानेइतबारे केलं.

मला कुठल्या शहरात शिवलं ते आता आठवत नाही. शिंप्याच्या मशीनची टकटक मात्र आठवते. रंग मिळाला नारिंगी, इतका भडक की आकाशातूनही डोळ्यात भरावा. त्या रंगाचा मला भारी गर्व होता, खोटं कशाला सांगू? हिमालयाच्या पायथ्याशी लष्कराच्या एका धावपट्टीवर मला चढवलं. तिथून मोठी मालवाहू विमानं पीठ, रॉकेल, औषधं घेऊन बर्फातल्या चौक्यांकडे जात. वैमानिक बरेच होते, पण निघण्यापूर्वी मला दोन बोटांनी सलाम करणारा एकच होता. ते विंग कमांडर लहानूजी थूल, वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूरचे. नाव लहानू आणि बसायचं विमानात, म्हणून सोबतचे त्यांची थट्टा करत. ते हसत आणि उडत.

ते निवृत्त झाले त्याच महिन्यात मीही फाटलो. मला टाकून देणार होते. लहानूजींनी मला मागून घेतलं, घडी घालून ट्रंकेत ठेवलं आणि नागपूरच्या घरी आणलं. त्या ट्रंकेत माझी कितीतरी वर्षं गेली. सोबतीला एक पांढरं लुगडं होतं, कापराचा वास येणारं. ते कोणाचं, हे मला पुढे कळलं.

बायको गेल्यावर लहानूजी एकटेच अल्लीपूरला राहायला आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी शेताच्या मधोमध लोखंडी नळी रोवली आणि मला तिच्यावर चढवलं. गावात हसू पिकलं. "साहेबाचा पायमोजा वाळून राह्यला," असं म्हणत पोट्टे सायकली थांबवून पाहायचे. पण फवारणीचे दिवस आले तशी थट्टा ओसरली. शेजारच्या शेतातल्या मंदाबाई सगळ्यांना दटावायच्या, "आधी मोज्याकडं पाहा, मंग फवारा मारा. औषध तोंडावर घेता का?" मंदाबाईंचं माहेरही अल्लीपूर आणि सासरही अल्लीपूर. माझी फाटलेली शिवण दरवर्षी त्याच घालून देत. मुसळधार पाऊस लागला की मला उतरवून घरातही ठेवत. मला पुन्हा मान मिळाला. मी खूश होतो.

संध्याकाळी लहानूजी माझ्याखाली टोपली उपडी घालून बसत आणि बोलत. मला वाटे, माझ्याशीच बोलतात. मग कळलं की ते त्यांच्या आईशी बोलतात.

ती गोष्ट बेचाळीस वर्षांपूर्वीची. त्या हिवाळ्यात लहानूजींना नागपूरहून विमान घेऊन दक्षिणेकडे जायचं होतं. वाट अल्लीपूरवरूनच होती. त्यांनी आईला, भागीरथाबाईंना, चिठ्ठी लिहिली की अमुक दिवशी दुपारी बारा वाजता शेतात उभी राहा, मी वरून जाईन. भागीरथाबाईंनी आपलं सगळ्यात चांगलं लुगडं नेसलं. दीक्षाभूमीला जाताना नेसायचं, पांढरंशुभ्र. आणि त्या शेताच्या मधोमध उभ्या राहून पदर हलवत राहिल्या. दिवस वेचणीचे होते. कापूस फुटून शेत पांढरंफेक झालं होतं. पांढऱ्या शेतात पांढरं लुगडं! लहानूजींनी डोळे फाडफाडून पाहिलं. त्यांना आई दिसली नाही.

पुढच्या सुट्टीत ते घरी आले तेव्हा आईने दारातच विचारलं, "दिसली का रे मी?"

"दिसली ना माय. चांगली दिसली."

भागीरथाबाईंनी ही गोष्ट गावभर सांगितली. काही वर्षांनी त्या गेल्या. खोटं मात्र लहानूजींच्या मनात राहिलं. म्हणून मी इथे होतो, मित्रांनो. जिथे आई उभी होती, नेमकं तिथे. वरून दिसावं म्हणून नारिंगी. आणि वरून मला शोधणारं तर कोणीच नव्हतं.

त्यांची मुलगी जागृती नागपूरला वीज खात्यात इंजिनियर आहे. ती दर रविवारी येते. बाबा कोणतंही विमान गेलं की जेवता जेवता अंगणात येतात आणि आवाज विरेपर्यंत उभे राहतात, हे तिने पाहिलं होतं. गेल्या दिवाळीत ती माझ्या खांबाशी येऊन म्हणाली, "बाबा, तुम्हाला पुन्हा एकदा विमानात बसवायचं ठरवलं आहे मी."

"कायले? डोळे गेले माहे. एकात मोतीबिंदू काढला, दुसऱ्याच्या पडद्यावर डाग आहे."

"चालवायचं कोण म्हणतं? बसायचं फक्त. तुम्ही सांगाल तिकडे जाऊ."

लहानूजींनी माझ्याकडे वर पाहिलं. मग त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "अल्लीपूरवरून नेतीन का?"

पुढचे दोन महिने जागृती त्याच्याच मागे होती. उड्डाण शिकवणाऱ्या एका शाळेचं चार जणांचं लहान विमान तिने ठरवलं. डॉक्टरांचा दाखला काढला. परवानगीसाठी इतके कागद दिले की, ती म्हणायची, "लग्नालाही एवढे लागले नव्हते." लहानूजी बुटांना रोज पॉलिश करू लागले. शेवटी एक दिवस ठरला. ते भल्या सकाळी निघाले आणि दुपारी तसेच परत आले. धुकं होतं. ते माझ्याखाली बूट न काढता बसले. "राहू दे आता," म्हणाले. त्यांचा तो आवाज मला सहन झाला नाही.

जागृतीने दुसरा दिवस ठरवला. तेव्हा ती माझ्याकडे वर पाहत म्हणाली, "बाबा, हा तर पार पांढरा पडला. नवा मागवू का?"

मित्रांनो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! वाऱ्याकडे तोंड करून उभं राहणाऱ्याला स्वतःचा रंग कुठे दिसतो? ऊन हळूहळू माझा नारिंगी रंग पिऊन गेलं होतं. आणि खाली वेचणीचे दिवस होते. पांढऱ्या शेतात पांढरा मी. जे भागीरथाबाईंचं झालं तेच माझं होणार होतं. मी गर्व केला त्या रंगाचा, आणि गरजेच्या वेळी तोच अंगावर नव्हता.

"असू दे," लहानूजी म्हणाले. नव्यासाठी वेळही नव्हता.

निघायच्या सकाळी मंदाबाई बांधावरून आल्या. त्यांनी पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. "भाऊ, एक सांगू का? रागावजा नको. यावेळी पंख हलवजा."

"काऊन?"

"तुमची ती चिठ्ठी भागीरथामायले मीनंच वाचून दाखवली होती. मी सातवीत होतो तवा. तुमी लिवलं होतं, दिसलीस की पंख हलवीन."

लहानूजींचा हात खांबावर होता. तो तिथेच राहिला. स्वतः लिहिलेली ओळ ते विसरले होते.

"इमान सरळ गेलं, भाऊ. मी तिच्या बाजूलेच उभी होतो. माय मले म्हणे, नाई दिसली मी पोराले. मंग तुमी येऊन दिसली म्हटलं. मी मायले म्हटलं, भाऊ खोटं बोलून राह्यले. तर म्हणे, बोलू दे. मायचं मन राखते लेकरू. त्याले सांगजो नको."

म्हणजे आईला सगळं ठाऊक होतं! ती सगळीकडे सांगत फिरली ते लेकाचं खोटं खरं करायला. लहानूजींनी चष्मा काढला, पुसला, घातला. जागृतीने त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं. ते माझ्याकडे वळून पाहायचेही विसरले.

त्या दुपारी वारा पडला होता. मी धुतलेल्या कपड्यासारखा लोंबत होतो. साडेबाराच्या सुमारास उत्तरेकडून बारीक घरघर ऐकू आली. वेचणाऱ्या बायांनी कापसाने भरलेल्या ओट्या बांधावर ठेवल्या आणि माझ्याभोवती धावत आल्या. कोणी अंगातला नवऱ्याचा जुना शर्ट काढून हलवू लागली, कोणी रुमाल. मंदाबाई दोन्ही हात वर करून, "भाऊ! भाऊ!" म्हणून ओरडत होत्या, जणू त्यांचा आवाज वर जाणार होता. जन्मभर मी वाऱ्याकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं. एकदाच फुगव, एकदाच हलू दे. तो आला नाही.

विमानाने गावावरून एक फेरी घेतली. ते आमच्या डोक्यावर आलं आणि सरळ पुढे निघालं. मंदाबाईंचे हात खाली आले.

तेवढ्यात डावा पंख झुकला. मग उजवा. मग पुन्हा डावा. बायांनी असा काही गलका केला की बांधावरचे बगळे उडाले. मंदाबाई कापसातच खाली बसल्या आणि रडू लागल्या.

मीही वेडा झालो होतो. दिसलो, मी पांढरा असून दिसलो, असं वाटत होतं.

संध्याकाळी गाडी आली. लहानूजी सावकाश चालत शेतात आले. बाया घरी गेल्या नव्हत्या. मंदाबाईंनी विचारलं, "दिसलो ना आमी, भाऊ?"

त्यांनी एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. तो प्रश्न मला ऐकून ओळखीचा होता, आईने दारात विचारलेला.

"नाई, मंदा. काईच नाई दिसलं. पांढरंच पांढरं सगळं."

"बाबा," जागृती म्हणाली, "मग पंख कसे हलवले? मागे बसून मला वाटलं, दिसलं तुम्हाला."

"त्या चालवणाऱ्या पोरीनं, रक्षानं, म्हटलं, सर, थोडा वेळ तुम्ही धरा. मी धरलं. तिले विचारून हलवले." त्यांनी खांबावर तळहात टेकला. "नाई दिसली तं का झालं? ती उभी होती ना खाली."

मग ते माझ्याकडे वर पाहून म्हणाले, "माय, तवाबी नाई दिसली तू." बेचाळीस वर्षांनी खरं बोलून ते टोपलीवर बसले, आणि पहिल्यांदाच बूट काढून पाय मातीत सोडले.

आता खांबावर नवा नारिंगी विंडसॉक आहे. पोरगा बरा आहे, जरा फार फडफडतो. मला मंदाबाईंनी धुतलं, शिवलं आणि जागृतीने ट्रंकेत ठेवलं, त्या पांढऱ्या लुगड्याशेजारी. आम्ही दोघं आता अगदी एका रंगाचे आहोत.

मित्रांनो, तुमच्याकडे कोणाची अशी जुनी वस्तू असेल तर टाकण्याआधी तिला विचारा, ती कुठे उभी होती ते. आणि डोक्यावरून विमान गेलं तर जरूर हात हलवा. वरच्याला तुम्ही दिसणार नाही, हे मी तुम्हाला खात्रीने सांगतो. तरी हलवा. आणि उद्या तुम्ही वर गेलात, फार वर गेलात, तर खाली कोणी दिसण्याची वाट पाहू नका. आधी पंख हलवा.