मिश्याचा उपास

"अण्णा, आजपण भाताला तोंड लावलं नाही त्यानं," शिवानी टाकीशी वाकून सासऱ्यांना म्हणाली.

रघुजींनी चष्मा सारखा केला. हातभर लांबीचा शिंगाळा मासा तळाशी निपचित पडला होता आणि शितं त्याच्या लांब मिशांना चिकटली होती. कावेरीकाठाहून बोटाएवढा असताना आणलेल्या या माशाला रत्नाबाईंनी रोज हाताने भरवून वाढवलं होतं. मिश्या हे नावही त्यांचंच. आता त्या गेल्या, घराला सुतक लागलं, आणि मिश्याने अन्न सोडलं. पाणी सोडायची सोय नव्हती, नाहीतर तेही सोडलं असतं.

समाचाराला येणारं माणूस आधी रत्नाबाईंच्या फोटोला हात जोडायचं, मग टाकीला. शेजारची भाग्यलक्ष्मी डोळ्यांना पदर लावायची. "मुका जीव, पण माया बघा अण्णा. माणसाला नसती एवढी!"

हे रघुजींना झोंबायचं. बायकोला नेल्यापासून त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. दोन्ही वेळा पोटभर जेवत होते, वर ताक मागत होते. मासा उपाशी आणि नवरा जेवतोय! आपलं तिच्यावर प्रेमच नव्हतं की काय? एका सकाळी त्यांनी मुद्दाम ताट बाजूला सारलं, आणि थोड्याच वेळात स्वयंपाकघरात उभ्याउभ्या उपमा खाल्ला. स्वतःचीच लाज वाटली. पण कुणाला विचारावं? असल्या गोष्टी ते फक्त रत्नाबाईंनाच विचारत.

तेरावं झालं, गोडाचं जेवण झालं. दुसऱ्या दिवशी शिवानीने बाजारातून कोळंबी आणली. इतके दिवस घरात मांसमच्छी वर्ज्यच होती. रघुजींनी काही न सुचून एक कोळंबी उचलली आणि टाकीवर धरली.

धपकन पाणी उडालं. मिश्याने कोळंबीबरोबर रघुजींची बोटंही तोंडात घेतली.

"अय्यो!" शिवानी ओरडली. "म्हणजे हा रडत नव्हता? अम्मा याला हेच घालायच्या ना रोज? आपण सुतक म्हणून भात घालत बसलो. भूक हो अण्णा, नुसती भूक!" तिला हसू आवरेना.

रघुजीही हसले. अगदी पोट धरून हसले. एवढी गंमत, ती सांगायलाच हवी, म्हणून स्वयंपाकघराकडे वळून त्यांनी हाक मारली, "रत्ना, ऐकलंस का..."

आत नळ ठिबकत होता. शिवानीचं हसू थांबलं. रघुजींनी ओल्या हाताने तोंड पुसलं, तरी ते कोरडं होईना.

मिश्याने दुसरी कोळंबी गिळली, तिसरीही गिळली. मग तो संथपणे टाकीच्या त्या कोपऱ्यात गेला, जिथून स्वयंपाकघराचं दार दिसतं, आणि तिथेच थांबला. तिच्यासाठी की चौथ्या कोळंबीसाठी, रघुजींना कळेना. त्यांनी स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी, त्याच दाराकडे तोंड करून बसले.