बोट रुतणारं लोणी

बेकरीवाल्याने तिच्याकडून नेलेला लोण्याचा डबा परत तिच्याच ओट्यावर ठेवला आणि झाकण उघडून बोट खुपसलं. बेकरीच्या फ्रीजमधून काढून थेट आणलेलं लोणी, तरी बोट पेरभर आत गेलं.

"वहिनी, राग मानू नका, पण यात तेल आहे. माझ्या पफला पदरच सुटत नाहीत. सगळे चपटे बसतात."

"मी घातलं तेल?"

"मी कुठं म्हटलं? लोणीच म्हणतंय."

तिला हसू आलं नाही. एखादं गिऱ्हाईक तुटलं तर दुसरं मिळतं, पण 'भेसळवाली' हे नाव एकदा चिकटलं की साबणाने निघत नाही.

"गाईंना काय घालता?" त्याने विचारलं.

"चारा. वर ओंजळभर शिजवलेला जवस, अंगाला तकाकी येते म्हणून. बाबाच घालतात. माझ्या हातचं गाईंना आवडत नाही म्हणे."

जवस तेलकट. जास्त पोटात गेला की दुधातली चरबी मऊ पडते, लोणी घट्ट बसत नाही. म्हणून तर माप ओंजळीचं होतं. ओंजळभराने असं होत नाही. तिच्या मनात काहीतरी खटकलं.

"चला गोठ्यात," ती म्हणाली. "तुमच्या डोळ्यांनीच बघा."

सासरे पातेल्यातून जवस ओतत होते. "या, या. बेकरी बंद पडली की काय?" बेकरीवाल्याने त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. गुडघ्याबद्दल ते नेहमीप्रमाणे भरभरून बोलले. मग वळून पुन्हा पातेलं भरू लागले.

"बिचाऱ्या सकाळपासून उपाशी आहेत," ते म्हणाले.

गव्हाणीत आधीचा जवस तसाच होता. गाईंनी तोंड फिरवलं होतं.

"बाबा, आत्ताच घातलात की."

"मी?" ते हसले. "अगं, मी आत्ता तर आलोय. या वयात विसरायला लागलीस होय?"

बेकरीवाल्याने मान खाली घातली. "माझंच चुकलं, वहिनी," तो पुटपुटला. आपल्यावरचा आळ गेला, हे तिला कळलं. पण तो आळ परत आला असता तर तिने आनंदाने घेतला असता.

"बाबा, उद्यापासून गाईंचं मी बघते."

"का? मी जवस चोरून विकतो, असं वाटतंय तुला?"

"तसं नाही हो." तिने पातेल्याला हात लावला. त्यांनी ते सोडलं नाही. दोघं तशीच उभी राहिली.

"घे बाई," अखेर ते म्हणाले. "पण आधी तांबडीला घाल. तिला आज कोणी काहीच दिलेलं नाही."