गाडगी उतरवलेला रहाट

मित्रांनो, तारापूरच्या वाटेवर चिकूची एक वाडी लागते. तिथल्या विहिरीला टेकून पडलेलं लाकडी चाक म्हणजे मी, रहाट. सुतारानं मला बाभळीतून घडवलं, कुंभारानं चाळीस गाडगी दिली. बैल गोल फिरे, गाडग्यांची माळ विहिरीत उतरे, आणि एकेक गाडगं पाटात पाणी ओतून पुन्हा खाली जाई. माझी करकर ऐकली की पाखरं पाटावर जमत.

एकोणीसशे सहासष्टच्या उन्हाळ्यात मात्र पाणी मचूळ झालं. समुद्र जवळ, विहीर फार उपसली की खारं पाणी आत शिरतं. धनी शांताराम यांनी लावलेली चाळीस कोवळी कलमं पानं टाकू लागली. धनी घाबरले आणि घाबरून मला आणखीच पळवू लागले. पाणी आणखी खारटलं. मग एके दिवशी त्यांनी बैल सोडला आणि ओटीवर तोंड फिरवून निजले, ते तीन दिवस.

"उठा ना," त्यांची बायको, पारूवहिनी म्हणाल्या.

"उठून काय करू? कलमं मरतात ती बघू?"

"निजून जगतात काय?"

तेवढ्यात नागोराव पाणी मागायला आला. तारापूरच्या नव्या वीजघराच्या बांधकामावर विटा वाहणारा, दुष्काळी मुलखातला माणूस. पहिल्याच घोटाला त्यानं चूळ टाकली.

"वहिनी, मिठाचं पोतं सांडलं का काय हिरीत?"

पारूवहिनी हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. ते पाहून धनी उठून बसले.

"हिरीला दम खाऊ द्या, मालक," नागोराव म्हणाला, "पर तुमी नगा निजू. आमच्याकडं गाडग्याला बारीक भोक पाडत्यात, चिंधीची वात घालत्यात अन् रोपाशेजारी पुरत्यात. थेंब थेंब मुळाला मिळतंय."

"एवढी गाडगी आणू कुठून?"

नागोरावानं माझ्याकडे बोट दाखवलं.

माळ सुटली तेव्हा मला वाटलं, संपलो. माझी गाडगी मातीत गेली. धनी रोज गावतळ्यातून कावडीनं गोडं पाणी आणून ती भरू लागले. खांदे सोलवटले, पण रात्री झोप लागू लागली. विहिरीला कोणी हात लावत नव्हतं. पारूवहिनी तेवढ्या सकाळी एक ओंजळ चाखत आणि काठाशी गुणगुणत :

विहीर माझी बाई, दमली भागली,
नीज गं घडीभर, की झऱ्याला जाग आली.

"आज?" धनी विचारत.

"आज नाय."

एका सकाळी त्या ओंजळ प्यायल्या आणि त्यांनी दुसरी भरून धन्यांपुढे धरली.

"खारंच ना?"

"तुमीच बघा."

धनी प्यायले. पुन्हा प्यायले. मग त्यांनी ओले हात तोंडावरून फिरवले. "अगं, गोड हाय गं!"

तीन कलमं गेली, सदतीस जगली. पाऊस सरल्यावर कुंभाराकडून नवी माळ आली आणि मी पुन्हा करकरलो.

आता काठावर इंजिन आहे. ते माझ्याहून जोरात उपसतं, पण पाण्याची चव त्याला कळत नाही. म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो : इंजिन खुशाल लावा, पण आधी पारूवहिनींसारखी एक ओंजळ चाखा. पाणी मचूळ लागलं, तर विहिरीला निजू द्या आणि तुम्ही कावड उचला.