मुक्ताबाईचा नंबर

नर्सने यशोधराचं नाव पुकारलं, तशी सुनेच्या आधी मुक्ताबाईच उठली आणि आतल्या दारात आडवी उभी राहिली.

"आपरेशन करायचं न्हाई."

विलास आईकडे बघतच राहिला. यशोधराचं ओटीपोट दुखायचं, अंगावरून पांढरं जायचं. केजच्या या खासगी दवाखान्यात डॉक्टरांनी गर्भपिशवी काढायला सांगितलं होतं. दसऱ्यानंतर टोळी ऊसतोडीला निघणार. त्याआधी उरकून घ्यावं, असं त्याने ठरवलं होतं. आई तेव्हा काहीच बोलली नव्हती. आज सकाळपासून मात्र तिला एका जागी बसवत नव्हतं. बाकावरून उठायची, पायरीपर्यंत जायची, परत यायची.

"माय, डॉक्टरच म्हनलेत की."

"मलाबी डॉक्टरच म्हनला व्हता. हिच्याच वयाची व्हते मी." तिने सुनेचं मनगट धरलं. "चल गं."

ती सुनेला घेऊन सरकारी दवाखान्याकडे निघाली. विलास चार पावलं पुढे जायचा, थांबायचा, टोळीच्या मुकादमाचा फोन कापायचा, पुन्हा चालू लागायचा. सरकारी दवाखान्याच्या रांगेतही त्याची चुळबुळ चालूच होती.

तिथल्या डॉक्टरबाईंनी सासूसमोरच यशोधराला नीट तपासलं. मग विलासलाही आत बोलावलं.

"आत जंतुसंसर्ग झालाय. गोळ्यांनी बरा होईल. पण दोघांनी घ्यायच्या, तुम्हीसुद्धा. पिशवी काढण्यासारखं काही नाही."

विलासने मान खाली घातली. मुक्ताबाईने पदराने तोंड पुसलं आणि ती वळली.

"चला. जीप निघून जाईल."

यशोधरा जागची हलली नाही. तिने सासूकडे बोट दाखवलं.

"मॅडम, आमच्या आत्याबाईला बघा. पिशवी काढल्यापासून कंबर धरलीय त्यांची. रातच्याला कूस बदलता येत न्हाई."

"मला काय धाड भरलीय," म्हणत मुक्ताबाई दाराकडे सरकली.

दारात विलास उभा होता. आई भिंत धरून उठते, हे तो लहानपणापासून बघत आला होता. त्याबद्दल त्याने तिला कधी काही विचारलं नव्हतं.

तो बाजूला झाला नाही.

"बस, माय."

मुक्ताबाई स्टुलाच्या कडेवर टेकली, लगेच उठून जायचं असल्यासारखी.

"वय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

तिने लेकाकडे पाहिलं. विलासने मनाशी जुळवून पाहिलं.

"पंचेचाळीस असंल," तो म्हणाला.

डॉक्टरबाईंचा पेन थांबला. त्यांनी मान वर करून साठीच्या दिसणाऱ्या मुक्ताबाईकडे पुन्हा एकदा पाहिलं.